वस्तीतली एचआयव्ही तपासणी: नागपुरातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी, पहिल्या शिबिराआधी

पहिल्या शिबिराला निघालेले नवे कार्यकर्ते मला हमखास विचारतात, "ताई, टार्गेट किती आहे?" टार्गेट असतं, नाही असं नाही. पण वहीत दोन रकाने आखून घ्या. पहिल्यात किती जणांचं बोट टोचलं ते लिहा. दुसऱ्यात, ज्यांचा निकाल रिॲक्टिव्ह आला त्यांतले किती जण पुढच्या तपासणीला खरोखर पोचले ते. पहिला रकाना तर्री-पोह्याची प्लेट ठेवली तरी भरतो. दुसरा भरायला शिबिराच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे दोन दिवस लागतात. या लेखात जे काही सांगते आहे ते त्या दुसऱ्या रकान्यासाठी.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

वस्तीत आपण जे करतो ती प्राथमिक तपासणी. बोटातून एक थेंब रक्त, एक किट, एक निकाल. त्यावरून कोणाला एचआयव्ही आहे असं सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही. रेषा दिसली तर शब्द वापरायचा "रिॲक्टिव्ह", म्हणजे पुढे तपासून बघण्यासारखं. निदान होतं ते एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला आपण सगळे आयसीटीसीच म्हणतो. तिथे वेगवेगळ्या तीन किटवर एकामागून एक चाचणी होते आणि तिन्हींत रिॲक्टिव्ह आलं तरच रिपोर्टवर पॉझिटिव्ह लिहितात.

दुसरी गोष्ट विंडो पिरियडची. आपली किट रक्तातली प्रतिपिंडं शोधते, विषाणू नाही. लागण झाल्यावर प्रतिपिंडं दिसण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे जातात, म्हणून धोक्याचा प्रसंग ताजा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. "परवाच चूक झाली, आज तपासा," म्हणत येणारा माणूस प्रत्येक शिबिरात एक तरी असतो. त्याला नुसतं नॉन-रिॲक्टिव्ह सांगून परत पाठवलंत तर तो तीन महिने निर्धास्त फिरेल. आणि तो प्रसंग खरोखर ७२ तासांच्या आतला असेल, तर त्याला किटपेक्षा सरकारी रुग्णालयाची जास्त गरज आहे. तिथले डॉक्टर धोका बघून २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का ते ठरवतात. ते जितकं लवकर तितकं चांगलं.

परवानगी, किट आणि एक फोन

मेडिकल स्टोअरमधून किट आणायच्या आणि चौकात टेबल लावायचं, असं हे काम नाही. आपल्या जिल्ह्याचं एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक, म्हणजे डापकू, त्यांना आधी भेटा. किटचा पुरवठा, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, नोंदीचे फॉर्म, सगळं त्यांच्याकडून चालतं. प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता बोटावरची तपासणी करू शकतो, त्यासाठी लॅब टेक्निशियनच हवा असं नाही. पण प्रशिक्षण न घेतलेल्याने किटला हात लावायचा नाही, मग तो कितीही उत्साही असो.

यातला सगळ्यात महत्त्वाचा फोन मात्र आयसीटीसीच्या काउन्सिलरला करायचा. शहरात असाल तर मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय, गरोदर बायका जास्त येणार असतील तर डागा हे सरकारी स्त्री रुग्णालय, तालुक्याला असाल तर जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. त्यांना विचारा: रक्त किती वाजेपर्यंत घेता, पुढचे दोन दिवस सुट्टी तर नाही ना, मी कोणाला घेऊन आले तर कोणत्या दारातून यायचं. हा शेवटचा प्रश्न फालतू वाटतो. मेडिकलच्या आवारात पहिल्यांदा गेलेल्या माणसाला विचारा, मग कळेल. केस पेपरच्या रांगेतून आणि चार खिडक्यांवरून परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

शनिवारी संध्याकाळी शिबिर ठेवू नका. रविवारी आयसीटीसी बंद, आणि रिॲक्टिव्ह निकाल पोटात घेऊन तो माणूस दीड दिवस एकटा बसणार. मी ही चूक सुरुवातीच्या वर्षात केली. सोमवारी सकाळी त्याच्या खोलीला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, "गावाला गेला बापा, काहून गेला माहीत नाही." तो छत्तीसगडचा मिस्त्री होता. पुढे त्याचा काही ठावठिकाणा लागला नाही.

जागा आणि वेळ

ज्यांच्यासाठी टीआय प्रकल्प, म्हणजे जास्त धोका असलेल्या गटांसाठीचे खास प्रकल्प, आधीपासून चालतात, त्यांच्यापर्यंत पीअर कार्यकर्ते, म्हणजे त्यांच्यातलेच कार्यकर्ते, पोचलेले असतात. राहतात ती दवाखान्याची पायरी न चढणारी माणसं. नागपुरात ती कुठे भेटतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, पण वेळेचा अंदाज सांगते. ठिय्यावरचे मजूर सकाळी सातला भेटतात आणि नऊनंतर ज्यांना काम मिळालं नाही तेच उरतात. त्या उरलेल्यांचा मूड चांगला नसतो. आधी चहा, मग बोलणं. कळमन्याच्या बाजारात पहाटे जाऊन हमालांना थांबवू नका, गाड्या उतरवायच्या घाईत कोणी ऐकत नाही. माल हलला की दुपारी सावलीत बसतात, तेव्हा जा. वाडी किंवा कापसीकडच्या ट्रकवाल्यांसाठी रात्री आठनंतर, ढाब्याच्या जवळ पण ढाब्यात नाही. दारू प्यायलेल्या माणसाची संमती ही संमती नसते. त्याला सकाळी या म्हणायचं.

हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत शिबिर घेणं सोपं वाटतं. जागा मिळते, पंखे मिळतात, माणसं रांगेत येतात. खरी अडचण संध्याकाळी येते. एका कारखान्यात एचआरच्या साहेबांनी मला अगदी सहज विचारलं, "मॅडम, लिस्ट मेल करून द्या ना, आम्हालाही कळायला पाहिजे." द्यायची नाही. किती जणांनी तपासणी केली एवढा एकूण आकडा द्यायचा, नाव नाही, निकाल नाही, शिफ्टनिहाय फोडसुद्धा नाही. छोट्या शिफ्टमध्ये फोडीवरून माणूस ओळखू येतो. हे शिबिर ठरवतानाच लेखी सांगून ठेवा. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालायला त्याने मनाई केली आहे. कायद्याचं नाव घेतलं की साहेब लोक सहसा चहा मागवतात.

बोर्डावर काय लिहायचं? "एचआयव्ही तपासणी शिबिर" लिहिलंत तर मांडवात पाय ठेवणारा प्रत्येक जण सगळ्या वस्तीसमोर काहीतरी कबूल केल्यासारखा दिसतो. म्हणून बीपी, शुगर, वजन यांच्याबरोबर ठेवा आणि बोर्ड "आरोग्य तपासणी"चा लावा. पण याला एक बाजू आहे, ती सोडू नका. बोर्डावर नसलं तरी टेबलावर प्रत्येकाला स्पष्ट सांगायचं की ही एचआयव्हीची तपासणी आहे, करायची की नाही हे तुम्ही ठरवा, नाही म्हटलं तरी बीपी-शुगर होणारच. शुगरच्याच टोचणीत गुपचूप एचआयव्हीही उरकून घेणं हा गुन्हाच आहे असं समजा. "आपल्या भल्यासाठीच तर आहे" म्हणणारे सहकारी भेटतील, त्यांचं ऐकू नका.

मे महिन्याचं काय

नागपुरात हा वेगळा मुद्दा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि किटच्या पाकिटावर बहुतेक २ ते ३० अंश लिहिलेलं असतं. स्कूटीच्या डिक्कीत दुपारी ठेवलेली किट संध्याकाळी वापरलीत तर तिच्या निकालावर विश्वास ठेवता येत नाही. उन्हाळ्यात शिबिर सकाळी सात ते दहा किंवा दिवेलागणीनंतरच घ्या. किट थंड पेटीत न्या, पण गोठलेल्या आइस पॅकला चिकटवून नको, मध्ये पुठ्ठा किंवा कापड घाला. गोठलेली किटही गेली. पेटीत साधा थर्मामीटर टाका आणि निघताना, पोचल्यावर, शिबिर संपल्यावर तापमान लिहा. पेटीतून काढलेलं पाकीट लगेच फाडू नका, मांडवातल्या हवेला थोडं येऊ द्या. आणि मुदतीची तारीख प्रत्येक पाकिटावर बघायची, खोक्यावर नाही.

बसायची मांडणी

माझ्या मते अख्ख्या शिबिरात यावर सगळ्यात कमी विचार होतो.

वस्तीतले लोक हुशार असतात. कोण किती वेळ आत बसला हे रांगेतली प्रत्येक मावशी मोजत असते. बाकी सगळे पाच मिनिटांत बाहेर आणि एकजण पंचवीस मिनिटं आत, की निकाल रांगेनेच वाचला. तुमच्या गोपनीयतेच्या फॉर्मवर कितीही सह्या असोत. म्हणून प्रत्येकाला आत सारखाच वेळ द्या, निकाल काहीही असो. नॉन-रिॲक्टिव्ह माणसाशीही बोलायचं असतंच, तो वेळ वाया जात नाही. वेळ उरला तर मुलाबाळांची विचारपूस करा, बीपी पुन्हा मोजा, पण खुर्ची लवकर रिकामी करू नका.

आत यायचं दार आणि बाहेर जायचं दार वेगळं ठेवा. समाजमंदिर किंवा अंगणवाडीत सहसा मागचं दार असतं, ते उघडून घ्या. पडदा जाड हवा, आणि पडद्याआड आवाज पोचतो हे विसरू नका. बाहेर एखादा कूलर चालू ठेवला तर गारवाही मिळतो आणि आतलं बोलणंही झाकतं. कूलरचा हा उपयोग मला एका आशाताईंनी शिकवला. आशाताई मदतीला असणं चांगलं, पण निकालाच्या खोलीत त्यांना बसवू नका. त्या त्याच गल्लीत राहतात, आणि लोकांना नेमकी त्याचीच भीती वाटते.

टोचण्याआधीचं बोलणं

याला पाच-सात मिनिटं पुरतात, पण ती घाईत गुंडाळू नका. मी साधारण असं बोलते: "भाऊ, बोटातून एक थेंब घेणार, वीस मिनिटांत कळेल. निकाल फक्त तुम्हाला आणि मला. करायची नसेल तर आत्ताच सांगा, मी रागावणार नाही." मग फॉर्म वाचून दाखवायचा आणि त्यानंतर सही किंवा अंगठा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, त्यामुळे कॉलेजबाहेरच्या शिबिरात वय आधी विचारा.

धोका कसा विचारायचा? "बाहेर संबंध ठेवता का" असं विचारलं की माणूस बंद होतो. मी म्हणते, "सगळ्यांनाच विचारते, तुम्हालाही विचारते." आणि मग सरळ विचारते: गेल्या तीन महिन्यांत निरोधशिवाय संबंध आला का, दुसऱ्याने वापरलेली सुई टोचून घेतली का, कधी रक्त चढवलं का, घरी कोणाला टीबी आहे का. चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही. बाईला तिच्या नवऱ्यासमोर हे विचारायचं नाही, नवऱ्यालाही बायकोसमोर नाही. जोडपं एकत्र आलं तरी एकेकाला आत घ्या.

एक प्रश्न मात्र टोचण्याआधीच विचारा, नंतर नाही: "निकाल पुढे तपासण्यासारखा आला तर उद्या सकाळी माझ्याबरोबर याल का? घरी कोणाला सांगू शकाल?" या उत्तरावरून उद्याची तयारी होते. कोणी म्हणालं की मी जीव देईन, तर आज टोचू नका. आज बोला, तपासणी नंतर.

बोट

अनामिका किंवा मधलं बोट, टोकाच्या मधोमध नाही, थोडं बाजूला. स्पिरिट लावलं की सुकू द्या, ओलं असताना टोचलं तर जास्त चुरचुरतं आणि थेंब पसरतो. पहिला थेंब कापसाने पुसा, दुसरा घ्या. हमाल आणि मिस्त्री लोकांच्या बोटाला घट्टे असतात, रक्त येत नाही म्हणून दाबत बसू नका. आधी हात खाली सोडून चोळायला सांगा, कोमट पाण्यात बुडवायला सांगा. लान्सेट, म्हणजे टोचायची छोटी सुई, एकदाच वापरायचं. वापरलं की थेट पंक्चर न होणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हा कचरा आयसीटीसी किंवा रुग्णालयात परत न्यायचा असतो, वस्तीच्या कुंडीत गेला तर पुढच्या वेळी तिथे कोणी उभं करणार नाही, आणि बरोबरच करतील.

तुम्हालाच सुई लागली तर बोट तोंडात घालू नका, पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. गोळ्यांचा निर्णय ७२ तासांच्या आत व्हायला हवा, पहिल्या काही तासांतच झाला तर उत्तम.

रेषा वाचताना घड्याळ समोर ठेवा. किटच्या पत्रकात लिहिलेल्या वेळेच्या आधी वाचायचं नाही आणि नंतरही नाही, उशिरा उमटलेली रेषा फसवते. कंट्रोलची रेषा, म्हणजे किट नीट चालली हे दाखवणारी रेषा, आली नाही तर ती किट बाद, नवीन घ्या. चाचणीची रेषा फिकी असली तरी ती रेषाच. "जवळपास नाहीच" असं मनाशी म्हणून नॉन-रिॲक्टिव्ह लिहू नका. काही किटवर एचआयव्हीबरोबर सिफिलिसही तपासता येतं. तिथे दोन्ही रेषा वेगवेगळ्या वाचायच्या आणि दोन्हींबद्दल वेगळं सांगायचं.

निकाल सांगताना

नॉन-रिॲक्टिव्ह आला तर अभिनंदन करू नका. लॉटरी लागल्यासारखं केलं की ज्याचा वेगळा येतो त्याला आपण हरलो असं वाटतं. निकाल सांगा, विंडो पिरियड सांगा, पुन्हा तपासायची तारीख कागदावर लिहून द्या. धोका चालूच असेल तर दर सहा महिन्यांनी तपासावं. निरोध द्या, वापरायचा कसा ते दाखवा. लाज आपली बाजूला ठेवली की त्यांचीही जाते.

रिॲक्टिव्ह आला तर लांबण लावू नका. बसवा, पाणी द्या, आणि म्हणा: "पहिल्या चाचणीत असं आलंय की पुढे नीट तपासावं लागेल. अजून काही पक्कं नाही. उद्या सकाळी मी तुमच्यासोबत येते." आणि गप्प बसा. ती शांतता तुम्हाला खायला उठेल, पण ती भरायला बोलू नका. तो पहिल्यांदा जे विचारेल त्याचंच उत्तर द्या. बहुतेक जण मुलांबद्दल विचारतात, "मरीन का" हे नंतर येतं. उत्तर खरं द्यायचं: आज उपचार मोफत आहेत, रोज गोळी घ्यावी लागते, गोळी नीट घेणारी माणसं कामधंदा करतात, म्हातारी होतात. रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजता येणार नाही इतकं खाली आलं आणि तसंच राहिलं, तर शरीरसंबंधातून पुढे लागण होत नाही. गरोदर बाई असेल तर तिला हेही सांगा की उपचाराविना बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, आईने वेळेत गोळ्या घेतल्या आणि बाळाला औषध मिळालं तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. आकडे सगळ्यांना नका सांगू. तिला सांगा, तिला ते हवे असतात.

घरी कोणाला सांगायचं हे तो ठरवेल. नवऱ्याला किंवा बायकोला कार्यकर्त्याने परस्पर सांगायचं नाही. जोडीदाराला कळवण्याची रीत कायद्याने डॉक्टर आणि समुपदेशकांसाठी आखून दिली आहे, ते काम आयसीटीसीच्या काउन्सिलरवर सोडा. ओळख किंवा निकाल परस्पर फोडायला कायद्याने मनाई आहे. कारवाई झाली नाही तरी त्या वस्तीत तुम्ही पुन्हा उभे राहू शकणार नाही.

दुसरी सकाळ

पत्ता देऊन "जाऊन या" म्हणू नका. बरोबर जा. भेटायची जागा त्याच्या घरापासून दूर ठेवा, बर्डीला किंवा एखाद्या बस स्टॉपवर, आणि त्याला फोनवर फक्त "मी पोचले" एवढंच पाठवा. मेसेजमध्ये एचआयव्ही, रिपोर्ट, आयसीटीसी यातलं काही लिहायचं नाही, फोन घरात कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो हे लक्षात ठेवा आणि शक्य तितक्या लवकर पोचा. आयसीटीसीत तपासणी मोफत असते.

पॉझिटिव्ह आलं तर लगेच एआरटी केंद्राकडे, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या जिथे सुरू होतात तिथे. सीडी४, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, किती कमी झाल्यावर उपचार सुरू करायचे ही जुनी पद्धत २०१७ पासून गेली, आता निदान झालं की उपचार. तिथे टीबीची विचारपूस होते: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. यातलं काही असेल तर लपवू नका असं त्याला आधीच सांगून ठेवा. पहिली गोळीची बाटली हातात येईपर्यंत तुमचं काम संपलेलं नाही. त्यानंतर आठवड्याने एकदा फोन करा, गोळी चालू आहे का, मळमळ होते का. फोन उचलला नाही तर दोनदा करा, दहादा नाही.

आयसीटीसीत निकाल निगेटिव्ह आला तरी त्या माणसाशी बोला. रात्रभर जागलेला असतो तो.

नोंदी त्याच दिवशी भरा. नावांची यादी आणि निकालांची यादी एकाच कागदावर नको, नंबर वापरा आणि नावाची वही कुलपात ठेवा. शिबिराचे फोटो काढायचे असतील तर बोर्डाचे, बीपीच्या टेबलाचे, आपल्या टीमचे काढा. रांगेचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेला एक उत्साही पोट्टा माझ्या टीममध्ये होता, त्यातल्या एका बाईने पुढच्या शिबिरात मला ओळखही दाखवली नाही.

जाताना प्रत्येकाच्या हातात, मग तो तपासून गेला असो की नुसती शुगर करून, एक छोटा कागद द्या. त्यावर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आणि तुमच्या पुढच्या फेरीची तारीख, बस. आणि त्या तारखेला त्याच जागी, त्याच वेळी खरंच या. मागच्या वेळी दुरून बघत बसलेले यावेळी येतात.